फुंकर

उदगीरच्या डाळ मिलमध्ये आम्ही बावीस जणी होतो.
पायाशी ढीग, मांडीवर सूप,
तुरीची डाळ बोटांखालून जायची
आणि बोटंच म्हणायची, ही ठेव, ही टाक.
कसं ओळखतेस असं कुणी विचारलं असतं
तर सांगता आलं नसतं.

मग ट्रकमधून ते आलं.
कपाटाएवढं, पांढरंफटक,
पोटात कॅमेरे, छातीवर काचेचा पडदा.
वरून डाळ सुटते, खाली पडेपर्यंत
ते एकेक दाणा बघतं,
आणि डागी दिसला की फुस्स,
हवेची एक फुंकर, दाणा बाजूच्या पोत्यात.

बावीसातल्या तिघी राहिलो. झाडायला.

जरिनाबी जाताना म्हणाली,
"नजर हाय त्याला, कुशावर्ता. जवळ जाऊ नकोस."
पद्मीनबाईनं लांबूनच कडाकडा बोटं मोडली.
बसवायला आलेला हैदराबादचा पोरगा
दोन दिवस राहिला, पडद्याकडे बोट करून म्हणाला,
"हाथ नक्को लगाना."
या एका गोष्टीवर
शिकलेल्या-बिनशिकलेल्या सगळ्यांचं एकमत होतं.

मीही दोन महिने त्याच्या पाठीमागूनच झाडलं.

संक्रांतीनंतर देवणीकडची तूर आली,
अवकाळीत भिजलेली, जराशी तांबूस.
टाकाऊचं पोतं सकाळी दहालाच भरलं.
मी मूठभर घेतली. चावून बघितली.
डाळ चांगली होती.
मशीन गोरेपणाच्या नादी लागलेल्या सासूसारखं
रंग बघून सुना परत पाठवत होतं.

मुनीम म्हणाला, फोन लावलाय, सोमवारी येतो म्हणाला.
कोणत्या सोमवारी, ते नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा समोरून गेले.
कॅमेऱ्याच्या काचेवर नखभर भुकटी.
आईच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता तेव्हा
ती पांढऱ्या कोंबडीला मांजर म्हणायची.
मी काच पुसली.
पोतं जरा हळू भरायला लागलं.
मला राग आला.
दोन महिने मी एका आंधळ्याला भ्यायले होते!

लेकीची जुनी वही घेतली.
मी चौथीपर्यंत, इंग्रजी येत नाही,
म्हणून पडद्यावरची चित्रं काढली जशीच्या तशी:
सूर्य, चाळणी, पंखा, एक थेंब.
रोज पाळी संपताना एकच बटण.
आधीचा आकडा लिहायचा, मग दाबायचं,
मग शंभर दाणे हातानं तपासायचे.
एकदा सगळीच डाळ टाकाऊत गेली.
मुनीम ओरडला. माझे हात कापले.
वहीत बघून आकडा परत ठेवला,
आणि मशीन परत जाग्यावर आलं.
परत येता येतं,
हे कुणीच सांगितलं नव्हतं.

त्याला कळत काही नाही. त्याला सांगितलेलं असतं.
कुणीतरी कुठल्यातरी गावात बसून
दुसऱ्याच मातीतली डाळ दाखवून सांगितलेलं.
मी देवणीची दाखवली.
तीनशे चांगले दाणे, तीनशे डागी.
निवडताना मनाशी बोलावं लागलं:
तांबूस चालेल, काळी नाही,
कडेला टिचलेली चालेल, भोक पडलेली नाही.
वीस वर्षं बोटांना ठाऊक होतं,
मला त्या दिवशी कळलं.

पोरगा आला, वही बघून डोकं खाजवलं.
"ये किसने किया?"
"झाडूवाली," मुनीम म्हणाला.
पगार दीड हजारानं वाढला.
जरिनाबी महिनाभर बोलली नाही.
बरोबर होतं तिचं.
बावीस जणींचं काम ते दुपारच्या आत उरकतं,
आणि ते मी नीट चालवते.

काल वही घेऊन तिच्या घरी गेले.
ती सुपात डाळ निवडत होती, आमच्याच मिलची.
एक काळा दाणा निघाला.
चिमटीत धरून माझ्या नाकासमोर आणला,
"हे बघ. तुझ्या डोळ्याला दिसला नाही."
मी वही उघडून पुढे सरकवली.
"सांग की मग, किती वाढवू?"

चहा निवला. ती चित्रं बघत राहिली.
दाण्यावर फुंकर मारली, तो दाराकडे गेला.
मग बोट ठेवून म्हणाली,
"हा थेंब कशाचा गं?"

मला अजून ठाऊक नाही, म्हटलं.
उद्या ये. दाबून बघू.